पोत बोटांवर किती वेळ टिकतो?

मागच्या अंकात ऐकलेलं लक्षात कसं राहतं यावर उत्तरं दिली आणि स्पर्शाचा विषय पुढे ढकलला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. काही पत्रं लांब होती, त्यांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

बाई, मी शिवणकाम करते. मशीनवरच्या कापडाशी जुळणारं अस्तर शोधायचं असतं तेव्हा ते कापड चिमटीत चोळून बघते, उठून कपाटाशी जाते, तिथलं कापड चोळते आणि दोन्ही सारखीच वाटतात. तोच तुकडा हातात घेऊन कपाटाशी गेले की फरक लगेच कळतो. चार पावलांत बोटं विसरतात का? की आता माझं वय झालं?

वयाचा विचार बाजूला ठेवा. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे तेव्हा विशीतल्या मुलामुलींचीही हीच गत व्हायची, आणि त्यांच्या हातात तुमच्यासारखी कापडाची जाण नसायची.

आधी चिमटीत काय घडतं ते पाहू. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू आहेत, एकेका हाताला. त्यांचे चार प्रकार आहेत. काही कडा आणि उंचवटे टिपतात, काही हलकी थरथर आणि निसटती पकड, काही त्वचेचा ताण, आणि खोलवर बसलेले काही अतिशय बारीक, जलद कंपनं. तुम्ही कापडावर बोट नुसतं ठेवत नाही, चोळता, आणि ते अगदी बरोबर आहे. डेव्हिड काट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच मांडलं होतं की जाडाभरडा पोत बोट स्थिर ठेवूनही कळतो, बारीक पोत मात्र बोट सरकल्याशिवाय कळत नाही. पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. रेशमी आणि जवळजवळ रेशमी यांतला फरक तुम्हाला कळतो तो कापडावरून सरकताना त्वचेत उठणाऱ्या कंपनांमुळे. चोळणं थांबलं की कंपन थांबलं. मागे उरते ती मेंदूतली खूण.

ही खूणच अल्पजीवी आहे. बोटांतून निघालेला संदेश मज्जारज्जूतून वर जातो, मेंदूच्या देठाशी बाजू बदलतो आणि विरुद्ध बाजूच्या प्राथमिक स्पर्शक्षेत्रात पोचतो. तिथे प्रत्येक बोटाची स्वतंत्र जागा आहे. स्पर्श संपल्यावर काही क्षण त्या जागेवर जे उरतं ते ओल्या बोटाने पाटीवर ओढलेल्या रेघेसारखं असतं. दिसते, पण बघता बघता सुकते.

हे कसं कळलं? २००२ मध्ये जस्टिन हॅरिस, मॅथ्यू डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या बोटाच्या टोकावर एक कंपन दिलं, दीड सेकंद थांबून दुसरं दिलं आणि विचारलं, जलद कोणतं? त्या दीड सेकंदाच्या विरामात डोक्यावर धरलेल्या चुंबकीय कॉइलमधून स्पर्शक्षेत्राला क्षणभराचा झटका दिला. विरामाच्या सुरुवातीला, म्हणजे पहिलं कंपन संपल्यावर ०.३ किंवा ०.६ सेकंदाने झटका बसला तर तुलना बिघडली. ०.९ किंवा १.२ सेकंदाने बसला तर बिघडली नाही. त्या हाताशी संबंध नसलेल्या बाजूला दिला तरीही बिघडली नाही. याचा अर्थ, पहिला सेकंदभर आठवण स्पर्शक्षेत्रातच असते. पुढे तिचं तिथलं काम संपलेलं असतं.

मग ती जाते कुठे? मेक्सिको सिटीतल्या रानुल्फो रोमो यांनी हे माकडांवर वर्षानुवर्षं तपासलं. माकडाच्या बोटावर आधी एक कंपन, तीन सेकंद शांतता, मग दुसरं कंपन. जलद कोणतं ते माकडाने बटण दाबून सांगायचं. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो. त्या शांततेच्या तीन सेकंदांत कपाळामागच्या मेंदूतल्या काही पेशी काम करतच राहतात, आणि कामाचा वेग पहिल्या कंपनाच्या वेगानुसार ठरतो. काही पेशी कंपन जलद असेल तर जास्त संदेश सोडतात, काही नेमक्या उलट वागतात. पण लक्षात घ्या, तिथे जपलं जातं ते कंपन किती जलद होतं एवढंच. बोटाला जे काही जाणवलं ते सगळं जसंच्या तसं तिथे पोचत नाही. परीक्षेला लागणारा मुद्दा ठेवला जातो, बाकीचं सुटतं.

आता तुमच्या कपाटाकडे. कापडाचा पोत म्हणजे एक आकडा नव्हे. खरखर, लवचीकपणा, थंडावा, जाडी, अंगावर पडण्याची पद्धत असं बरंच काही तुमच्या चिमटीत एकदम आलेलं असतं. त्यातला ठळक एखादा गुण चार पावलं तग धरतो. सूक्ष्म छटा राहत नाहीत. कंपनांची तुलना अर्ध्या सेकंदापासून ३० सेकंदांपर्यंतच्या विरामांनी करून पाहिलेली आहे: सगळ्यात मोठी घसरण पहिल्या पाच सेकंदांच्या आत होते, नंतरची सावकाश. मशीनवरून उठून कपाट उघडेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. शिवाय मध्ये तुम्ही कपाटाची मूठ धरता, दोन-चार घड्या बाजूला सारता. मधल्या वेळात आलेला परका स्पर्श आठवणीत भेसळ करतो. दोन कंपनांच्या मध्ये तिसरं दिलं आणि ‘याच्याकडे लक्ष देऊ नका’ असं बजावलं, तरी उत्तर त्या तिसऱ्याच्या बाजूला झुकतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

तेव्हा तुकडा हातात घेऊन जाण्याची तुमची रीतच शास्त्रशुद्ध आहे, ती सोडू नका. दोन्ही कापडं एकाच बोटाने तपासा. डाव्या हातात एक आणि उजव्यात दुसरं अशी तुलना मोहात पाडते, पण विराम छोटा असेल तेव्हा एकाच बोटावरची तुलना दोन हातांवरच्या तुलनेपेक्षा सरस ठरते. वजनाबाबत तर एकोणिसाव्या शतकातच अर्न्स्ट वेबरने नोंदलं होतं की दोन वजनं दोन हातांवर एकदम ठेवण्यापेक्षा एकाच हातावर पाठोपाठ ठेवली तर फरक जास्त चांगला कळतो. चोळण्याचा वेग, दाब आणि दिशा सारखी ठेवा. आणि तुकडा नेणं शक्यच नसेल तर उठण्यापूर्वी कापडाबद्दल एक वाक्य मनात पक्कं करा: ‘उभ्या बाजूने गुळगुळीत, आडव्याने किंचित अडकतं, हाताला थंड.’ वाक्य कपाटापर्यंत शाबूत पोचेल.

फोन नंबर विसरू नये म्हणून मी तो घोकतो. स्पर्श घोकता येतो का? (इयत्ता अकरावी)

प्रश्न छान आहे तुझा. नेमकं हेच १९६९ मध्ये गिल्सन आणि अॅलन बॅडली यांनी विचारलं होतं. हाताच्या कोपरापुढच्या भागावर, नजरेआड, एका बिंदूला स्पर्श करायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि नेमकं कुठे स्पर्श झाला ते दाखवायला सांगायचं. विराम अगदी शून्यापासून एक मिनिटापर्यंत. काही वेळा माणूस शांत बसलेला, काही वेळा त्याला आकडे उलटे मोजायला लावलेले, म्हणजे मनात काही घोळवायला वाव नाही.

शांत बसलेल्यांची आठवण सुरुवातीला बऱ्यापैकी टिकली. उलटे आकडे मोजणाऱ्यांची लगेच घसरायला लागली. म्हणजे मोकळं सोडलं तर आपण काहीतरी करून स्पर्श मनात चालू ठेवतो. ‘मनगटापासून चार बोटं वर, जरा आतल्या बाजूला’ असं शब्दांत बांधत असू किंवा त्या जागेवर लक्ष रोखून धरत असू. पण घोकणं बंद पाडलं तरी आठवण एकदम शून्यावर आली नाही, सावकाश उतरत गेली. ही जी न घोकता उरते ती स्पर्शाची स्वतःची आठवण.

तुझ्या फोन नंबरशी फरक असा की नंबर मुळातच शब्द आहे, त्यामुळे त्याची उजळणी तंतोतंत होते. स्पर्श घोकायचा म्हणजे आधी त्याचं वर्णन करायचं, आणि वर्णनात न मावणारं गळून जातं.

चष्मा काढून ठेवल्यावरही नाकावर चष्मा असल्यासारखं वाटत राहतं. हीच स्पर्शाची स्मृती का?

तुम्ही वर्णन करताय ती अजून चालू असलेली संवेदना आहे, तिला मी आठवण म्हणणार नाही. दाबलेली त्वचा लगेच मूळ आकारात येत नाही, हे तर आरशातही दिसतं. त्याखेरीज स्पर्श संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या संवेदनांवर रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९६८ मध्ये एका सहकाऱ्यासोबत लिहिलं होतं. खरी आठवण असती तर ‘आठव’ म्हटल्यावर आली असती. ही न बोलावता येते आणि आपली आपण जाते. काळजीचं कारण नाही.

मी फोनसाठी अॅप बनवतो. वेगवेगळ्या सूचनांसाठी मी नऊ प्रकारची कंपनं ठेवली होती. चाचणीत लोकांना दोन-तीनच ओळखता आली, बाकी सगळी ‘काहीतरी थरथरलं’. लोक लक्ष देत नाहीत की माझं चुकतंय?

लोकांना दोष देऊ नका. खिशात फोन थरथरतो तेव्हा माणूस चालत असतो, बोलत असतो, कपडे अंगाला घासत असतात. कंपन संपल्यानंतर त्याचं लक्ष तिकडे वळतं आणि मग तो जाणवलेलं आठवून ओळखू पाहतो. तुमची चाचणी खरं तर स्मृतीची परीक्षा होती.

स्पर्शाची झटपट आठवण किती माल धरते हे १९६६ मध्ये ब्लिस आणि सहकाऱ्यांनी मोजायचा प्रयत्न केला. अंगठे सोडून दोन्ही हातांच्या आठ बोटांवर प्रत्येकी तीन अशी २४ ठिकाणं, त्यांतल्या काहींवर एकाच वेळी हवेचा बारीक झोत. प्रयोगाची घडण उसनी होती: जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये नजरेच्या क्षणिक स्मृतीसाठी वापरलेली. अक्षरांच्या तीन ओळी क्षणभर दाखवायच्या, अक्षरं नाहीशी झाल्यावर इशारा करून कुठलीतरी एकच ओळ विचारायची. सगळी अक्षरं सांगता येत नाहीत, पण विचारलेली ओळ सांगता येते, म्हणजे क्षणभर सगळंच डोळ्यांपुढे शिल्लक असतं. स्पर्शातही असा क्षणिक साठा आढळला, पण नजरेच्या मानाने तुटपुंजा, आणि त्याचा फायदा सेकंदभराच्या आतच ओसरला.

पुढे अल्बर्टो गॅलेस आणि चार्ल्स स्पेन्स यांनी शरीरावर ठिकठिकाणी कंपनयंत्रं बांधून एकाच वेळी किती थरथरली ते विचारलं. जास्तीत जास्त सात. दोन-तीनच्या पुढे गेलं की चुका वाढतच जातात. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची: एक नमुना आणि त्याला जोडूनच बदललेला नमुना दिला तर बदल कळतो, दोन्हींच्या मध्ये सगळीकडे एक थरथर घुसवली की तोच बदल लोकांच्या हातून निसटतो. तुमची सूचना येण्याआधी फोनचं दुसरं काही थरथरलं असेल, तर नेमकं हेच होतं.

नऊवरून चारवर या. कंपनाच्या जोरात किंवा वेगात फरक करून फारसं साधत नाही, कारण जोर खिसा ठरवतो आणि फोनमधली मोटर ठरावीक पट्ट्यातच नीट चालते. ठेक्यात फरक करा. एक लांब, दोन तुटक, लांब-तुटक-तुटक. ठेका मनात आपोआप ‘धा धिन धिन’सारखा म्हटला जातो, म्हणून तो टिकतो. आणि नमुना दोनदा वाजवा: पहिल्याने लक्ष वळतं, ओळख पटते ती दुसऱ्याने.

एक आगाऊ सल्ला. दहा कंपनं ओळखायला लोकांना आठवडाभर शिकवून मग ‘अचूकता सुधारली’ असं सांगणारे अहवाल लिहू नका. सूचनेसाठी कुणी शिकवणीला बसत नाही.

माझ्या पतींची दृष्टी पन्नाशीत गेली. ते ब्रेल शिकत आहेत. एकेक अक्षर त्यांना ओळखता येतं, पण शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत पहिलं अक्षर हरवतं. चिडतात, ‘माझी स्मरणशक्तीही गेली’ म्हणतात. खरंच तसं आहे का?

नाही. गप्पांत त्यांना कालचं परवाचं नीट आठवत असेल, तर स्मरणशक्ती जागेवर आहे. हे त्यांना वाचून दाखवा.

ब्रेलचे सहा ठिपके एकमेकांपासून साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. बोटाच्या टोकाला हे अंतर पेलतं, म्हणून तर ही लिपी दोनशे वर्षं टिकली. नवशिक्याची अडचण निराळी आहे. त्याच्यासाठी प्रत्येक अक्षर हा बोटाखालचा एक आकार असतो, अक्षर म्हणून अजून त्याची ओळख पटलेली नसते. आकार स्पर्शाच्या आठवणीत ठेवावा लागतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिथे दोन-तीन आकारांपलीकडे दाटी होते. चौथं अक्षर चाचपताना पहिलं गेलं तर नवल नाही.

सुझॅना मिलर यांनी १९७० च्या दशकात अंध मुलांबरोबर केलेलं काम मला इथे फार मोलाचं वाटतं. ब्रेल अक्षरांची नावं ज्यांना चटकन येतात त्या मुलांना जास्त अक्षरं ओळीने आठवतात, आणि त्यांच्या चुका उच्चारात सारख्या असणाऱ्या अक्षरांत होतात. नावं न येणाऱ्यांना कमी आठवतात आणि हाताला सारखी लागणारी अक्षरं त्यांचा गोंधळ उडवतात. नाव पक्कं झालं की ओझं बोटांवरून जिभेवर जातं. तुमच्या पतींचं ओझं अजून बोटांवर आहे, एवढंच.

म्हणून अक्षर हाताला लागल्याबरोबर त्यांनी ते पुटपुटावं. लाज बाळगू नये, आपण सगळे वाचायला शिकलो ते मोठ्याने म्हणूनच. पहिले काही आठवडे शब्द दोन-तीन अक्षरांचेच घ्या. ठिपक्यांवर बोट रोवून बसू नये: स्थिर बोटाखालची संवेदना मंदावते आणि जोरात दाबल्याने काही जास्त कळत नाही. हलक्या हाताने, एकाच दिशेने, अडखळलं तरी पुढे. एकच अक्षर चार वेळा मागे-पुढे चाचपण्यापेक्षा पूर्ण शब्दावरून दोनदा जाणं बरं. आणि सराव मोठा, एका बैठकीचा नको. थोडा थोडा, रोज.

वय वाढतं तशी बोटांची सूक्ष्म जाण कमी होते हे खरं आहे, पण ब्रेल नियमित वाचणाऱ्या अंध व्यक्तींमध्ये ती उतारवयातही चांगली राहिलेली आढळते. त्यांना मधुमेह असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टरांकडून बोटांची संवेदना तपासून घ्या. तिथेच कमतरता असेल तर सरावाने होणारा त्रास उगाच.

आणि ‘स्पर्शाची आठवण कच्चीच’ असा त्यांचा ग्रह व्हायला नको. २०१८ मध्ये फॅबियन हुटमाखर आणि क्रिस्टोफ कूबांडनर यांनी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या लोकांना नित्याच्या वापरातल्या १६८ वस्तू हाताळायला दिल्या, प्रत्येकी दहा सेकंद. नंतर प्रत्येक वस्तूच्या जोडीला तशाच प्रकारची दुसरी ठेवून विचारलं, मघाची कोणती? लगेच विचारल्यावर ९४ टक्के उत्तरं बरोबर आली, आठवड्याने ८४ टक्के. फरक हा की इथे हात मोकळे होते. मुठीत धरायचं, कड गिरवायची, वजन तोलायचं, दाबून बघायचं. हाताला स्वतःहून हिंडू दिलं की त्याची आठवण दांडगी होते. स्थिर त्वचेवर बाहेरून काहीतरी टोचलं की दुबळी. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच प्रयोगांत हात बांधून ठेवल्यासारखा असतो, म्हणून त्यांचे आकडे केविलवाणे येतात, असं माझं मत आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. उपकरणं न लागता वर्गात करता येईल असा एखादा प्रयोग सुचवाल का?

वर अकरावीच्या मुलाला सांगितलेलाच घ्या. मुलं जोडीने बसवा. एकाने डोळे मिटून हात कोपरापर्यंत उघडा, तळवा वर करून बाकावर ठेवायचा. दुसऱ्याने टोपण लावलेल्या पेनाने हाताला एकदाच हलका स्पर्श करायचा आणि त्या जागी बारीक खूण करायची. खूण करताना पुन्हा स्पर्श होतो, म्हणून टोपणाच्या टोकालाच थोडी शाई लावलेली बरी. मग एकदा लगेच, एकदा १५ सेकंदांनी, एकदा ४५ सेकंदांनी, पहिल्याने दुसऱ्या हाताच्या बोटाने जागा दाखवायची. बोट हाताला टेकवायचं नाही, वरच थांबवायचं. चूक किती मिलिमीटर ते पट्टीने मोजा. दर वेळी नवी जागा निवडा आणि आधीच्या खुणा पुसून टाका.

सगळं पुन्हा करा, पण या वेळी थांबण्याच्या काळात ३०० पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने म्हणायला लावा. दोन्ही वेळच्या चुकांची वर्गाची सरासरी फळ्यावर मांडा. एकेकट्या मुलाच्या आकड्यांत चढउतार फार असतात, त्यामुळे वीसेक जोड्या असल्याशिवाय चित्र स्पष्ट व्हायचं नाही. मनगटाजवळ आणि कोपराच्या घडीजवळ चूक कमी येते, कारण तिथे खुणेला आधार मिळतो. म्हणून स्पर्श हाताच्या मधल्या पट्ट्यातच करा.